शूबर्टचा चरखा आणि गिरगावचे भावगीत

संगीतकाराला चाल सुचते ती कोठून, या प्रश्नाविषयी सर्वसामान्य रसिकाच्या मनात जी कल्पना घर करून बसलेली असते, ती बहुधा चरित्रकथांनी आणि चित्रपटांनी पुरविलेली असते. आणि त्या कल्पनेत विफल प्रेम, क्षयाचा खोकला, दारिद्र्य आणि खिडकीबाहेरचे चांदणे यांना मानाचे स्थान मिळालेले असते. एकोणिसाव्या शतकातील युरोपच्या ज्या कालखंडाला रोमँटिक असे म्हणतात, त्यातील रचनाकारांच्या वाट्याला तर अशा आख्यायिका मुबलक आल्या. बेथोव्हेनने १८०१ साली पूर्ण केलेली एक पियानोरचना ‘मूनलाइट’ या नावाने जगभर ओळखली जाते, आणि ऐकणाऱ्याला तीत चांदणे दिसतेही. परंतु ते नाव बेथोव्हेनने दिलेले नाही. चांदण्याची ती उपमा एका समीक्षकाने दिली. शूबर्टची ‘अपुरी सिंफनी’ मृत्यूने अपुरी ठेवली, ही समजूतही अशीच दृढमूल आहे. वस्तुतः त्याने ती १८२२ साली बाजूला ठेवली, आणि त्यानंतर तो सहा वर्षे जगला व त्या सहा वर्षांत त्याने आपल्या श्रेष्ठ कृतींपैकी कित्येक लिहून काढल्या.

या आख्यायिका निरुपद्रवी आहेत असे मला वाटत नाही. त्या संगीतकाराच्या श्रमावर आणि त्याच्या कानावर अन्याय करतात. दुःख सर्वांच्याच वाट्याला येते. ज्याच्या घरी क्षयाचा रुग्ण आहे असा प्रत्येक कारकून काही चाली बांधीत नाही. रोमँटिक संगीताच्या मुळाशी पाहू गेले तर वैयक्तिक वेदनेपेक्षा अधिक सबळ असे दोन झरे आढळतात: एक कवीचा शब्द आणि दुसरा आपल्या मातीतील निनावी लोकांची धून. या विधानाचा पुरावा शोधण्यासाठी व्हिएन्नाला किंवा वॉर्साला जावे लागतेच असे नाही. गिरगाव, दादर आणि परळ-लालबाग या आपल्या मुलखात, विसाव्या शतकाच्या मध्यावर, हेच दोन झरे वाहताना लोकांनी पाहिले आहेत, आणि त्यांच्या काठी बसलेल्या संगीतकारांची गाणी आजही आपल्या घराघरांत ऐकू येतात.

प्रथम व्हिएन्नाकडेच वळू. फ्रान्झ शूबर्ट हा एका शाळामास्तरचा मुलगा, स्वतःही वडिलांच्या शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून राबणारा. १९ ऑक्टोबर १८१४ या दिवशी, वयाच्या अठराव्या वर्षात असताना, त्याने गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातील एक गीत स्वरबद्ध केले. ग्रेचेन नावाची तरुणी चरख्यावर सूत काततेय आणि तिचे चित्त प्रियकराकडे लागले आहे, इतकाच प्रसंग. शूबर्टने येथे जे केले ते ऐकण्याजोगे, किंबहुना पुन्हापुन्हा ऐकण्याजोगे आहे. पियानोवर उजव्या हाताचे स्वर अखंड गरगरत राहतात, ते चरख्याचे चाक. डाव्या हाताचा ठेका म्हणजे पायाखालची फळी. गाणे पुढे सरकते, मुलगी प्रियकराचे चालणे, हसणे, बोलणे आठवू लागते, स्वर चढत जातात, आणि त्याच्या चुंबनाच्या आठवणीपाशी येताच चाक थांबते. चरखा चालवणारा पाय थांबला आहे, हे सांगायला शब्द खर्ची घातलेला नाही. मग तेच चाक अडखळत, एकदा, दोनदा, पुन्हा फिरू लागते, आणि मुलगी कामाला लागते. अठराव्या वर्षी या मुलाने प्रेमाचा काय मोठा अनुभव घेतला असणार? त्याने कविता वाचली होती, आणि ओळींच्या मध्ये जे लिहिलेले नव्हते तेही वाचले होते.

पुढच्याच वर्षी त्याने गटेचीच ‘एर्लकोनिग’ ही कविता घेतली. रात्री आजारी मुलाला छातीशी धरून घोडा पिटाळणारा बाप, आणि त्या मुलाला भुलविणारा पिशाचराज: निवेदक, बाप, मुलगा आणि पिशाच अशी चार पात्रे एकच गायक उभी करतो, आणि मुलगा भयाने बापाला हाक मारतो ती दर वेळी एकेक पायरी वरच्या स्वरावर जाते. एकतीस वर्षांच्या आयुष्यात शूबर्टने सहाशेहून अधिक गीते रचली. मित्रांनी त्यांतली काही १८१६ साली गटेकडे मोठ्या आदराने रवाना केली, तर ती अभिप्रायाविना परत आली; गटेला कवितेच्या प्रत्येक कडव्याला एकच साधी चाल असावी असे वाटे. रॉबर्ट शूमानने तर १८४० या एका वर्षात शंभराहून अधिक गीते लिहिली. त्याच वर्षी, सासऱ्याशी कज्जेदलाली करून, कोर्टाचा निवाडा मिळवून, त्याचे क्लाराशी लग्न लागले. सबब ती सर्व गीते त्या प्रेमाची फळे होत, असा निष्कर्ष चरित्रकार काढतात. तो अंशतः खरा मानू. तथापि कवी हाइनेच्या कविता समोर नसत्या तर त्या आनंदाला ती रूपे मिळाली असती काय, हा प्रश्न उरतोच. हाइनेच्या कवितांवर त्याने रचलेल्या गीतमालेतील पहिलेच गाणे अशा स्वरावर संपते की, वाक्य पुरे झाल्यासारखे वाटतच नाही, षड्जावर येण्याची कानाला लागलेली ओढ तशीच राहते. कवितेतील न फिटलेली इच्छा शूमानने अशा रीतीने शेवटच्या स्वरात ठेवून दिली.

मराठीत हा प्रवाह आला तो आधी कवितेच्या मार्गाने. वर्ड्स्वर्थ, शेली, कीट्स हे इंग्रज कवी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून आपल्या तरुणांच्या हाती पडले, आणि मुंबईत काही वर्षे शिक्षकाची नोकरी करणाऱ्या केशवसुतांनी मराठी कवितेला स्वतःच्या अंतःकरणाविषयी बोलण्याची मुभा दिली. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता चारचौघांत गाऊन दाखविण्याची वहिवाट पाडली. तोवर गाणे म्हणजे एक तर नाट्यपद, नाही तर अभंग, नाही तर लावणी. सुशिक्षित मध्यमवर्गीय माणसाने स्वतःच्या मनातली एकट्याची गोष्ट गावी, असे गाणे जवळपास नव्हतेच. ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानांत गेली बाई शीळ’ ही कविता वकिलीची सनद घेतलेल्या जी. एन. जोशी यांनी १९३० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत ध्वनिमुद्रिकेवर गायिली, आणि मराठी भावगीताचा आरंभ सामान्यतः तेथून मानला जातो.

ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावत. त्यापलीकडे ताना घेण्यास जागाच नव्हती, आणि ही अडचणच भावगीताच्या पथ्यावर पडली. आलापाचा विस्तार गेला, शब्द पुढे आला. गिरगावच्या वाड्यांतून आणि दादरच्या मैदानांतून गणेशोत्सवाच्या मंडपात पेटी-तबल्यावर भावगीतांचे कार्यक्रम होऊ लागले. चाळीच्या कठड्याला टेकून ती ऐकणाऱ्या श्रोत्यांत कापडगिरणीतले जॉबर, सचिवालयातले कारकून आणि शाळकरी मुली अशी सर्व मंडळी असत. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ‘भावसरगम’ या कार्यक्रमातून नवी गीते प्रसारित होऊ लागली. त्या कामात यशवंत देव होते. देवांनी पुढे आपल्या विचाराला ‘शब्दप्रधान गायकी’ असे नावच दिले आणि त्या नावाचा ग्रंथ लिहिला. कवितेचा अर्थ, तिचे यतिस्थान, तिच्यातील एखाद्या अव्ययाचे वजनसुद्धा चालीने सांभाळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. मंगेश पाडगावकरांच्या ‘या जन्मावर, या जगण्यावर’ या गीताला त्यांनी दिलेली चाल पाहा: ती जवळजवळ बोलते. अरुण दाते यांच्या गळ्यात ती अशी बसली की, कविता कोठे संपली आणि गाणे कोठे सुरू झाले हे वेगळे काढता येऊ नये.

परंतु शूबर्टच्या जवळ जाणारा आपल्याकडील संगीतकार कोण, असे मला कोणी विचारले तर मी श्रीनिवास खळे यांचे नाव घेईन. खळे यांचा जन्म १९२६ चा, बालपण बडोद्याचे. रागसंगीताची पक्की तालीम घेऊन हा मनुष्य मुंबईत आला आणि बराच काळ त्याने फार हलाखी सोसली. त्यांच्या चाली ऐकायला सोप्या आणि गायला अतिशय कठीण, असे गायकच सांगतात. पाडगावकरांच्या ‘श्रावणात घननिळा बरसला’ या कवितेला त्यांनी चाल दिली, तेव्हा प्रत्येक अंतऱ्याला निराळी चाल दिली. मुखडा तेवढा परत येतो आणि दर वेळी नव्या वाटेने येतो. कवितेत प्रत्येक कडव्याबरोबर पावसाचे दृश्य पालटते, तर मग तेच ते स्वर पुन्हा का आणावेत, असा हा विचार आहे. शूबर्टने गटेच्या आवडीविरुद्ध जाऊन जे केले, तेच येथे, कोणतेही अनुकरण न करता, कवितेच्या वाचनातून घडून आले. ‘या चिमण्यांनो परत फिरा रे’ हे गदिमांचे गीत घ्या. तिन्हीसांजेला आई मुलांना घरी बोलावते आहे, आणि स्वरांत दिवेलागणीची कातरता उतरली आहे. लताबाईंनी ती हाक अशी दिली आहे की, तिच्यात आर्जव आहे, धाकही आहे आणि मुले परत येतील की नाही ही धास्तीही आहे. हे तिन्ही भाव एका चालीत बांधणे हे केवळ हृदय द्रवल्याने साधत नाही. त्यासाठी कान आणि बुद्धी दोन्ही लागतात.

गीतमालेचा विचार निघाला म्हणून एक दाखला नोंदवतो. शूबर्टने विल्हेल्म म्यूलरच्या चोवीस कवितांची ‘विंटररायझे’ ही माला १८२७ साली रचली. दादरला शिवाजी पार्कच्या परिसरात ज्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालविला त्या सुधीर फडके यांनी गदिमांच्या ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते रचली, ती १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक या क्रमाने. गीतमाला म्हणून तिची तुलना जगातील कोणत्याही मालेशी करावी, तिला उणेपणा येणार नाही.

आता दुसऱ्या झऱ्याकडे. शोपँ २ नोव्हेंबर १८३० रोजी वॉर्सातून निघाला. त्याच महिन्याच्या अखेरीस तेथे रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला, तो मोडला गेला, आणि शोपँने मायदेश पुन्हा पाहिला नाही. पॅरिसच्या सरदार-दरकदारांच्या दिवाणखान्यांतून वाजविता वाजविता त्याने पन्नासाहून अधिक ‘माझुर्का’ लिहिल्या. माझुर्का हा पोलंडच्या खेडुतांचा नाच. शाळकरी वयात सुटीसाठी खेड्यात गेला असता शोपँने तो कानांनी टिपला होता. मराठी श्रोत्याला या रचना ऐकताना एक ओळखीची खूण पटेल: डाव्या हातात कित्येकदा षड्ज-पंचमाची जोडी तंबोऱ्याप्रमाणे धरलेली असते, ती तेथील खेड्यातल्या पिशवीच्या वाद्याची सूरधार, आणि वरच्या धुनेत शुद्ध मध्यमाच्या जागी तीव्र मध्यम डोकावतो, तो तेथल्या लोकगीतांचा. शोपँने लोकगीते उचलून छापली नाहीत. त्यांची चालण्याची ढब त्याने आपल्या रक्तात मुरविली आणि तिच्यातून स्वतःचे बोलणे केले.

याच्याशी तोलून पाहावा असा पुरुष आपल्या गिरगावात वाढला. ऑपेरा हाउसजवळ प्रा. बी. आर. देवधर यांचे संगीतविद्यालय होते. त्याची स्थापना १९२५ ची. पलुसकरबुवांच्या या शिष्याने मुंबईत स्क्रिंझी नावाच्या इटालियन संगीतज्ञाकडे पाश्चात्त्य संगीताचेही शिक्षण घेतले होते, आणि घराण्यांच्या भिंती त्यांच्या शाळेत फारशा उंच नव्हत्या. निरनिराळ्या घराण्यांचे गवई तेथे येत, बसत, गात. अशा ठिकाणी बेळगावकडच्या सुळेभावी गावचा, मोठमोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखविणारा एक अकराबारा वर्षांचा मुलगा येऊन दाखल झाला. शिवपुत्र कोमकली हे त्याचे नाव. जग त्याला कुमार गंधर्व म्हणून ओळखते. नक्कल करणाऱ्या त्या मुलाला देवधरांच्या शाळेने विचार करायला लावले, हे गिरगावचे भारतीय संगीतावरील ऋण होय.

१९४७ साली कुमारांचा विवाह झाला आणि लगोलग क्षयाने त्यांना गाठले. १९४८ च्या जानेवारीत कुमार हवापालटासाठी माळव्यात देवासला गेले, आणि पुढची काही वर्षे त्यांना गाण्याची सक्त मनाई होती. येथे आख्यायिकेला किती सोयीचे साहित्य आहे पाहा: क्षय, तारुण्य, मौन. परंतु या मौनात कुमारांनी जे केले ते महत्त्वाचे. ते ऐकत पडले. माताजीच्या टेकडीच्या आसपास बायका लग्नाची, सणांची, ऋतूंची गाणी म्हणत. दारावरून जाणारे नाथपंथी जोगी निर्गुणी भजने गात. चारपाच स्वरांत फिरणाऱ्या त्या धुनांत कुमारांना रागांची बीजे दिसू लागली. राग हा पंडितांनी कागदावर बेतला नसून अशाच धुनांतून उगवला आहे, हा सिद्धान्त त्यांनी मांडला, आणि तो केवळ मांडला नाही, तर मालवती, सहेली तोडी, संजारी, मघवा, लगनगंधार असे धुनउगम राग स्वतः निर्माण करून त्याचा पुरावा दिला. ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात त्यांच्या बंदिशी १९६५ साली प्रसिद्ध झाल्या.

त्यांतली मधसुरजा रागातील एक बंदिश मला सर्वांत थोर वाटते. टेकडीवरच्या देवीपुढे बळी देण्यासाठी एक बकरी नेली जात असलेली कुमारांनी पाहिली. बंदिशीत ती बकरी देवीची करुणा भाकते, आणि कारण सांगते ते एवढेच, की घरी लहानगे एकटे आहे. मध्यान्हीचे ऊन, टेकडीची चढण आणि दोर लावून ओढले जाणारे मुके जनावर हे सारे त्या चारदोन ओळींच्या स्वरात आहे. आपल्या ख्यालांच्या बंदिशींत सास, ननद आणि पियाची वाट यांची पुनरावृत्ती शेकडो वर्षे चालली होती. तेथे एका बकरीला बोलण्याचा अधिकार देणारा हा रचनाकार स्वतःच्या दुखण्याविषयी एक अक्षरही बोलत नाही. पुढे त्यांनी ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ असे ऋतूंचे कार्यक्रम बांधले. बेथोव्हेनने १८०८ च्या ‘पास्टोरल’ सिंफनीत बुलबुलाचा, लाव्याचा आणि कोकिळेचा आवाज वाद्यांतून काढला खरा, परंतु हे चित्र रंगविणे नसून भावना व्यक्त करणे आहे, अशी ताकीदही देऊन ठेवली. कुमारांच्या वर्षागीतांतही ढगांचा गडगडाट नाही. पाऊस येण्यापूर्वी घरातल्या माणसांचे जे काही होते, ते आहे.

मुंबईच्या स्वतःच्या मातीची धून कोणती, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. या बेटांचे मूळ रहिवासी कोळी. त्यांच्या नाचाचा ठेका आणि होडीच्या डोलण्याची लय घेऊन हृदयनाथ मंगेशकर यांनी शांता शेळके यांच्याकडून गीते लिहवून घेतली. ‘मी डोलकर’, ‘वादळवारं सुटलं गं’ ही गाणी त्यांतली. वरळीच्या किंवा माझगावच्या कोळीवाड्यात ज्या ढंगाने लग्नात नाचतात, तो ढंग त्यांत आहे, आणि तरीही ती केवळ कोळीगीते नव्हेत. वादळी रात्री समुद्रावर गेलेल्या घरधन्यासाठी जीव टांगणीला लागलेल्या स्त्रीचे मन त्यांत कवयित्रीने घातले आहे. शब्द आणि माती हे दोन्ही झरे येथे एका पात्रात मिळाले.

परळ-लालबागच्या गिरणगावात हे मीलन अधिक उग्र स्वरूपात झाले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लालबावटा कलापथक उभारले. अण्णाभाऊंनी स्वतः गिरणीत काम केले होते. गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढणारा मुंबईतला मजूर हा त्यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीचा नायक, आणि बघता बघता ती मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तोडलेला बेळगाव-कारवारचा मुलूख होऊन जाते. विरह आणि राष्ट्र यांची अशी गाठ शोपँने पियानोवर मारली, व्हर्दीने १८४२ साली मिलानमध्ये परदेशी नेलेल्या गुलामांच्या समूहगीतात मारली. अण्णाभाऊंनी ती डफ-तुणतुण्यावर, कामगार मैदानात, हजारो माणसांपुढे मारली. महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्या सुमारास राजा बढे यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीताला भावगीतकार खळे यांनी चाल दिली, ती शाहीर साबळे यांच्या पहाडी आवाजासाठी. पाडगावकरांच्या श्रावणसरी कोमलपणे उतरविणारा हात डफाची थापही तितक्याच अधिकाराने मारू शकतो, हे पाहून ज्यांना नवल वाटते त्यांनी ध्यानात घ्यावे की, दोन्ही वेळी त्या हाताने आधी शब्द वाचला होता.

गिरणगावात संगीताची आणखी एक संपत्ती होती, आणि तिच्याविषयी मला काळजी वाटते. कोकणातून आलेल्या गिरणीकामगारांच्या गावकीच्या खोल्यांतून डबलबारीची भजने होत, शक्ती-तुऱ्याचे सामने रात्ररात्र चालत, जाखडीचा नाच गोल धरी. परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटके आणि लोकनाट्ये होत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्या खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. कोळ्यांच्या ठेक्याला हृदयनाथ भेटले, माळव्याच्या बायकांना कुमार भेटले. जाखडीच्या पायठेक्याला आणि शक्ती-तुऱ्याच्या सवालजबाबांना तशा योग्यतेचा रचनाकार अद्याप भेटलेला नाही. त्या चाली जाणणारे बुवा आणि शाहीर आज वार्धक्यात आहेत, त्यांतले कित्येक डोंबिवली-विरारकडे पांगले आहेत, कित्येक गावी परतले आहेत. त्यांच्यापुढे बसून, घाई न करता, धुना आणि बोल दोन्ही उतरवून घेण्याचे काम आपल्या संगीतशाळांनी आणि तरुण संगीतकारांनी हाती घ्यावे. देवासच्या खाटेवर पडल्या पडल्या एका रुग्णाला जे करता आले, ते धडधाकट माणसांना लालबागेत करता येणार नाही असे मला मुळीच वाटत नाही.